कृपया दुकानात रामराम करू नये

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
नवी वही. दिवाळीतच घेतली होती, पण गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आली, पाहुणे आले, सुरुवात राहून गेली. आजपासून रोज लिहायचं. वही कोणाला दाखवायची नाही. जागा: जुन्या प्रिंटरच्या मागे.

संकल्प पहिला. खर्रा बंद. तंबाखू-सुपारीचं ते व्यसन कायमचं सोडलं. चेतनाला सांगितलं. बायको म्हणून तिने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. ती म्हणाली, अजी, मागच्या दिवाळीलेबी बंद झाला होता.
संकल्प दुसरा. 'योगराज ऑनलाईन सेंटर, कामठा' हे नाव जिल्ह्यात गाजेल असं एक काम करायचं. कोणतं ते ठरायचं आहे.

संध्याकाळी ६.
काम ठरलं. शेजारच्या दुधरामकाकांची रीता आली होती. जन्मापासून तिचे दोन्ही हात तिचं ऐकत नाहीत. वळतात, थरथरतात, पेला धरता येत नाही. चालते नीट, बोलते त्याहून नीट. बी.ए. झाली, पण सगळे पेपर लेखनिकाने लिहिले. गोंदियाची एक संस्था दिव्यांगांना घरून टायपिंगचं काम देते. १२ डिसेंबरला त्यांच्या मॅडम इथे येऊन बघणार. पंचेचाळीस मिनिटांत अर्धं पान टाइप करायचं, एक फॉर्म भरायचा, आणि कोणी मदत करायची नाही. याआधी तीन ठिकाणी तिचे हात बघूनच परत पाठवलं. म्हणाली, भाऊ, आजपर्यंत माहं सगळं दुसऱ्यानंच लिवलं. एक पान तरी माहं मले लिवायचं आहे. घरी कॉम्प्युटर नाही, रोज एक तास तुमचा द्या. माउस न् कीबोर्ड खाली ठेवून द्या फक्त, मी पायानं चालवते.

मला फार वाईट वाटलं. माझ्या सेंटरमध्ये कोणी पायाने कॉम्प्युटर चालवणार? लोक काय म्हणतील? मी म्हणालो, रीता, असं काही करून देतो की माउसला हात लावायचीच गरज नाही. ती म्हणाली, हात कुठं लावून राहिली मी, पाय म्हणून राहिली. विषय तिच्या नीट लक्षात आला नाही.

खर्रा: एकच. पहिला दिवस होता.

५ नोव्हेंबर, बुधवार.
मोबाईलवर व्हिडिओ बघून दिवस सत्कारणी. सापडलं! स्क्रीनच्या वर कॅमेरा बसवायचा. तो आपला हात बघतो. हवेत हात हलवला की बाण हलतो, मूठ वळली की क्लिक. प्रोग्राम फुकट. नाव मला चार मिनिटांत सुचलं: 'योगहस्त'. डाउनलोडला तीन तास लागले.

वेळापत्रक: १० तारखेला मशीन तयार. १५ ला रीता एक्सपर्ट. २० ला पेपरात फोटो. २६ जानेवारीला सत्कार. सत्काराला कोट लागेल. गोंदियाला माप देऊन यायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
प्रोग्रामला आधी आपला हात शिकवावा लागतो. तळहात दाखवला की बाण चालणार. मूठ म्हणजे क्लिक. हात जोडले की काम संपलं, कॉम्प्युटर बंद. हे शेवटचं माझ्या डोक्यातून निघालं. आपल्या संस्कृतीला धरून आहे. परदेशी माणसाला सात जन्मांत सुचलं नसतं.

एकेका खुणेचे दोनशे फोटो द्यायचे होते. हात जोडण्याचे दिले. मुठीचे चाळीस झाल्यावर कंटाळा आला. मग 'ऑटो'चं बटण दिसलं. ते दाबलं की प्रोग्राम दिवसभर आपल्याकडे बघतो आणि आपला नेहमीचा हात कसा चालतो ते आपोआप शिकतो. हुशार माणसाने केलेला दिसतो. तीन दिवस चालू ठेवणार. मी आपला मोकळेपणाने बसून राहायचं.

खर्रा: चार. डोक्याचं काम आहे, डोकं तापतं. मशीन झालं की पूर्ण बंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.
आला! बाण आपोआप चालला! फोल्डर उघडलं, बंद झालं, परत उघडलं. माउसला हात नाही! ओरडून चेतनाला बोलावलं. ती कणकेच्या हाताने धावत आली. तिच्यासमोर अर्धा तास तळहात दाखवला, मूठ वळली, बाण जागचा हलेना. ती म्हणाली, पोळ्या राहिल्या माह्या. ती आत गेली, मी जरा निवांत बसलो, खिशातलं काढलं, आणि बाण परत पळायला लागला.

माझं निरीक्षण: यंत्राला गर्दी चालत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
रीताची पहिली ट्रायल. स्क्रीनवर लाल अक्षरं: हात दिसत नाही. मी म्हणालो, पाची बोटं सरळ कर, कॅमेऱ्याला दाखव. ती हसली. म्हणाली, पाची बोटं सरळ झाली असती तर तुमच्याकडे कायले आली असती भाऊ? माउस खाली ठेवा ना.

सराव कमी पडतो आहे. तिला रबरी बॉल दिला, रोज शंभर वेळा दाबायला सांगितलं. बॉल तिच्या हातातून तीनदा सुटला. तिसऱ्यांदा नालीत गेला.

घरी पोचून तिने मोबाईलवर मेसेज पाठवला. फोन जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्याने लिहिते. सहा ओळी, त्यात दोनदा 'माउस खाली'. एकही चूक नाही. मी उत्तरात 'सराव कर' लिहिलं ते 'सरव कर' गेलं. तिचा फोन चांगल्या कंपनीचा असावा.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
धान विक्रीच्या नोंदणीची गर्दी. सकाळी नऊपासून रांग. उदारामबाबांचा फॉर्म भरत होतो. सातबारा झाला, बँक पासबुक झालं, शेवटचं बटण राहिलं होतं. एवढ्यात दारातून कोणीतरी आलं आणि हात जोडून म्हणालं, रामराम योगराजभाऊ. कॉम्प्युटर बंद.

परत चालू केला, परत सातबारा, परत पासबुक. पुढचा माणूस आला. रामराम. बंद. असं दुपारपर्यंत चारदा. चौथ्यांदा तर उदारामबाबांनीच केला, जायला निघताना. फॉर्म राहिला तो राहिलाच.

कॅमेरा काढावा असा विचार क्षणभर आला. पण माघार घेतली तर विज्ञान कसं पुढे जाणार? उपाय सुचला. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून दारावर लावली:
कृपया दुकानात रामराम करू नये. हुकुमावरून.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
आज कोणीही रामराम केला नाही. बोर्ड यशस्वी.
आज कोणी आलंही नाही.

समोरच्या पानठेल्यावरच्या सुकरामकडून कळलं, गावात चर्चा आहे की योगराजले मस्ती आली, रामराम नाई घेत आता. मी त्याला तंत्रज्ञान समजावून सांगितलं. सुकराम खर्रा घोटत घोटत ऐकत होता. म्हणाला, ते सारं बरोबर आहे जी, पण उदारामबाबानं अंगणवाडीपासून तुले पाहलं, त्याचा रामराम कोणत्या खात्यात जमा करायचा? माणूस अडाणी आहे. खर्रा मात्र उत्तम घोटतो. मी घेतल्यावर हातावर प्लास्टिकची पन्नी धरून अंगठ्याने पुन्हा थोडा रगडतो, त्याशिवाय चव उतरत नाही. आज दोन घेतले, त्याचं मन राखायला.

दुधरामकाका दारात येऊन बोर्ड बघून गेले. म्हणाले, जिथं रामराम नाई चालत तिथं माही पोरगी कायले येईल? रीता तरीही आली. म्हणाली, भाऊ, कॅमेरा काढा, माउस खाली ठेवा, बावीस दिवस उरले. तिची अडचण तिला कळत नाही. तिच्यासाठी मलाच खंबीर राहावं लागेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
उजवा खांदा दुखतो. दिवसभर हात हवेत धरावा लागतो ना. शेतातली माणसं वाकून वाकून कंबर दुखली म्हणतात, त्यांना कॉम्प्युटरवाल्याचे कष्ट काय कळणार.

सकाळी नागऱ्याला जाऊन महादेवासमोर शपथ घेतली. खर्रा बंद. नारळ फोडला. येताना सुकरामला ही बातमी सांगायला थांबलो. बातमी मोठी असल्यामुळे वेळ लागला.

घरात एक विचित्र गोष्ट. स्वयंपाकघरातला बसायचा पाट रोज सकाळी दुकानात टेबलाखाली सापडतो. मी सात ते आठ सुकरामकडे पेपर वाचायला जातो, तोवर जागेवर असतो. आलो की टेबलाखाली. चेतनाला विचारलं तर म्हणते, मांजर नेत असन. मांजर पाट कशी नेईल? चेतना अलीकडे विसरभोळी झाली आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
कोटाची ट्रायल होती, पण शिंपी घरी नव्हता, लवकर परत आलो. बघतो तर काय! कीबोर्ड, माउस दोन्ही जमिनीवर, पाटावर. समोर रीता, एक चप्पल बाजूला काढलेली. चेतना दारात उभी, पहारा दिल्यासारखी. माझा आवाज चढला. मी म्हणालो, हजारो रुपयांची मशीन धुळीत ठेवता? सगळं उचलून टेबलावर ठेवलं.

रीताने पायात चप्पल घातली. नेहमी फटकन बोलणारी पोरगी. डोळे भरले तिचे. म्हणाली, भाऊ, तेरा दिवस उरले. एक तास मागितला होता मी, तोबी माउस खाली ठेवून. मशीन नव्हती मागितली. आणि गेली.

जेवण गेलं नाही. खरंच वाईट वाटलं. तिला असं रडवायचं नव्हतं मला. सगळं तिच्यासाठीच तर करतो आहे. दोनदा उठून तिच्या घराकडे निघालो आणि फाटकापासून परत आलो. मग ठरवलं, आता योगहस्त पूर्ण करूनच तिला तोंड दाखवायचं.

७ डिसेंबर, रविवार.
एकटा असताना मशीन शंभर टक्के चालते. कोणी आलं की बिघडते. आज सात वेळा तपासलं. मॅडमला बाहेर उभं करून डेमो देता येईल का?

पाट अजूनही रोज टेबलाखाली सापडतो. मी बोललो नाही. एकदा बोललो तेवढं पुरे.

११ डिसेंबर, गुरुवार.
कोट आला. बाह्या तोकड्या आहेत, पण हात वर केल्यावरच दिसतात. उद्याचा क्रम: आधी माझं पाच मिनिटांचं भाषण, मग योगहस्ताचा डेमो, मग रीताची परीक्षा. रीताला निरोप दिला, निश्चिंत राहा. उत्तर आलं: 'राहिली.' उद्या यश मिळाल्यावर खर्रा बंद. शेवटचा एक खिशात ठेवला आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४.
लिहिताना हात दुखतो आहे, तरी लिहितो.

अकरा वाजता रुची मॅडम आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर घड्याळ ठेवलं. बाकावर, पोरीसाठी बोर्ड विसरून आलेले दुधरामकाका, आतल्या दारात चेतना चहाचा ट्रे घेऊन. मी भाषण सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, वेळ सुरू झाली आहे, तुम्ही कशी वापरता ते तुम्ही बघा. मी रीताला म्हणालो, दोन मिनिटं.

तळहात दाखवला. हात दिसत नाही. मूठ. काही नाही. बंद करून चालू केलं. कोट काढला. डावा हात, उजवा हात, दोन्ही हात. दुधरामकाका घड्याळाकडे बघत होते. त्यांना घड्याळ वाचता येत नाही, पण काटा पुढे जातो एवढं कळतं. वीस मिनिटं गेली. मला घाम फुटला. म्हटलं, जरा बसून शांत डोक्याने विचार करू. स्टूलवर बसलो. विचार करताना माझा हात आपोआप खिशात जातो.

आणि बाण पळायला लागला! फॉर्म उघडला, क्लिक, दुसरं पान, क्लिक! दुधरामकाकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पुढे झुकल्या. म्हणाल्या, अरे वा, ही कोणती खूण? जरा वर धरून सावकाश दाखवा.

मी अभिमानाने दोन्ही हात वर धरले. डाव्या तळहातावर पन्नी. पन्नीत सुकरामचा खर्रा. त्यावर उजव्या हाताचा अंगठा, रगडता रगडता थांबलेला.

ऑटोवर ठेवलेल्या तीन दिवसांत मशीनने माझा नेहमीचा हात बरोबर शिकला होता. चेतनाने ट्रे खाली ठेवला. एवढंच म्हणाली, दिवाळीपासून बंद होता न? आणि आत गेली. मला वाटलं, माहेरी चालली. ती पाट घेऊन बाहेर आली.

सव्वीस मिनिटं गेली होती, एकोणीस उरली होती. रीता म्हणाली, भाऊ, सरका आता.

सरकलो. चेतनाने कीबोर्ड आणि माउस पाटावर ठेवले आणि बाजूला झाली. रीताने चप्पल काढली, टाच पाटाला टेकवली आणि अंगठ्याने लिहायला लागली. मी तिला असं लिहिताना पहिल्यांदा नीट बघितलं. हात मांडीवर थरथरत होते, पण पाय एखाद्या बाईने तांदूळ निवडावेत तसा शांत चालत होता. अर्धं पान झालं. फॉर्म उघडला. नाव, गाव, शिक्षण. शेवटची पाच मिनिटं. दुधरामकाकांना राहवलं नाही. डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हात छातीकडे नेऊ लागले.

तेव्हा मला आठवलं, कॅमेरा चालू आहे.

स्टूलवरून झेप घेतली आणि स्क्रीनच्या वरचा कॅमेरा पंजाने झाकला. खांद्यात कट्‌ असा आवाज झाला. हलायची सोय नव्हती, कारण काकांनी हात जोडले ते सोडलेच नाहीत. चार मिनिटं तसाच उभा, हात वर, तोकड्या बाहीशिवाय. शेवटी रीताने बटण दाबलं. फॉर्म गेला. घड्याळात एक मिनिट बाकी होतं.

प्रिंट निघाली. काकांनी कागद हातात घेतला. विचारलं, कोणं लिवलं? रीता म्हणाली, मी. त्यांनी परत विचारलं. ती परत म्हणाली, मी लिवलं बाबा, सारं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खांद्यामुळेही असेल.

जाताना मॅडमनी मला एकच विचारलं. तिला काय सोपं जातं, ते तिला कधी विचारलं होतं का? मी म्हणालो, हो, म्हणजे तसं बोलणं झालंच असेल. वहीत बघावं लागेल.

१३ डिसेंबर, शनिवार.
एकंदरीत डेमो यशस्वी. मशीन चालली, सर्वांनी पाहिलं. खुणेबद्दल मतभेद होऊ शकतात. चेतना बोलत नाही. पाट आता दुकानातच राहील, असं तिने न बोलता ठरवलं आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार.
रीताला काम मिळालं! दुधरामकाका पेढे घेऊन आले. दारावरच्या बोर्डकडे बघून बाहेरच थांबले. मी बोर्ड फाडला, तेव्हा आत आले.

संस्था कॉम्प्युटर देईपर्यंत महिनाभर रीता इथेच बसून काम करणार. मॅडमनी फोनवर विचारलं होतं म्हणे, तुला मदत कोणी केली? रीता म्हणाली, चेतनावहिनीनं पाट दिला, आणि शेवटची चार मिनिटं योगराजभाऊनं सांभाळली. हे तिनेच मला सांगितलं, हसत. मी तिला सॉरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पेढा चांगला आहे असं म्हणालो.

मग वही काढून मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. तिने सांगितलं होतं. ३ नोव्हेंबर. १५ नोव्हेंबर, एकदा तोंडाने, एकदा मेसेजने. २० नोव्हेंबर. २९ नोव्हेंबर. पाच वेळा. पाचही वेळा माझ्याच अक्षरात, स्वच्छ. मी ऐकलं नव्हतं, फक्त लिहून घेतलं होतं. उठून फाटकापाशी गेलो. या वेळी परत आलो नाही. तिच्या घरी जाऊन सॉरी म्हणालो. ती म्हणाली, बरं झालं भाऊ, या, चहा घ्या.

२५ डिसेंबर, गुरुवार. (डाव्या हाताने)
खांदा धरला. गोंदियाच्या डॉक्टरने विचारलं, काय उचललं? म्हटलं काही नाही, हवा. उजवा हात सहा आठवडे गळ्यात. कोट अंगावर चढत नाही. दुकान कसं चालवणार?

१ जानेवारी गुरुवार
वही नाही. हे पायाने टाइप. पाटावर. रीता शिकवते.
म्हणते टाच टेकवा. घाई नको. सराव कमी पडतो तुमचा.
उदारामबाबा आले. रामराम केला. मला हात उचलता आला नाही. ते म्हणाले बोर्ड तं काढला न बाप्पा, आता काय झालं.
खर्रा बंद. खरंच. एका हाताने रगडता येत नाही.
एवढं लिहायला एक तास दहा मिनिटं. रीताची एवढ्या वेळात चार पानं होतात.
रीताला सांगितलं कीबोर्ड थोडा डावीकडे ठेव. तिने पायाने सरकवला. एकदाच सांगावं लागलं.